आधी नावे, मग भिंती

२०१५ साली न्यू जर्सीतल्या ग्रेस्टोन पार्क मनोरुग्णालयाची मुख्य इमारत पाडण्यात आली. १८७६ मध्ये उघडलेली, दोन्ही बाजूंना पंख पसरून बसलेली ती अजस्र दगडी वास्तू वाचवावी म्हणून स्थानिक लोक अनेक वर्षे झगडले. दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही, असे सरकार सांगत होते. असे बांधकाम पुन्हा होणे नाही, असे विरोधक सांगत होते. शेवटी बुलडोझर आले. पण वाद संपला नाही. अमेरिकेत कुठल्या ना कुठल्या राज्यात बंद पडलेल्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रश्न उठतो आणि त्याच दोन पालुपदांवर येऊन अडतो. ती छळाची जागा होती, तिचे नामोनिशाण मिटवा, असे एका बाजूचे म्हणणे. तो वास्तुकलेचा ठेवा आहे, त्याला हात लावू नका, असे दुसरीचे. या वादाबद्दल जितके वाचावे तितके एकच जाणवत राहते. ज्या माणसांनी त्या वॉर्डांत आयुष्ये काढली, ती या भांडणात कुठे नाहीतच. एक बाजू त्यांच्या नावाने इमारत पाडते आणि दुसरी त्यांना वगळून इमारत वाचवते.

माझे मत असे की या इमारती शक्य तितक्या वाचवाव्यात, आणि त्या पुरावा म्हणून वाचवाव्यात. पुरावा जपायचा म्हटला की कामाचा क्रम बदलतो. आधी कबरी आणि त्यांवरची नावे. मग नोंदवह्या. मग निदान एक वॉर्ड जसा होता तसा. एवढी तजवीज झाल्यावर उरलेल्या जागेत हॉटेल काढा, फ्लॅट बांधा, दुकाने थाटा, माझी हरकत नाही. आज मात्र बहुतेक ठिकाणी सुरुवातच हॉटेलपासून होते आणि कबरींचा विषय निधी उरला तर निघतो.

वास्तूच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो भक्कम आहे. या इमारती क्रौर्यातून जन्मल्या नाहीत. १८४१ मध्ये डोरोथिया डिक्स ही शिक्षिका मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात गेली, तेव्हा तिला गुन्हा न केलेल्या मनोरुग्ण बायका बिनशेकोटीच्या कोठड्यांत कोंडलेल्या दिसल्या. दोन वर्षे ती राज्यभर हिंडली. पिंजरे, तळघरे, साखळदंड असे जे जे पाहिले ते तिने १८४३ मध्ये विधिमंडळापुढे लेखी मांडले आणि मग एकेका राज्याला सरकारी रुग्णालय बांधायला भाग पाडले. फिलाडेल्फियाचे डॉ. थॉमस स्टोरी कर्कब्राइड यांनी त्या रुग्णालयांना आकार दिला. मध्ये प्रशासनाची इमारत आणि दोन्हीकडे पायरीपायरीने मागे सरकत जाणारे वॉर्ड, म्हणजे प्रत्येक वॉर्डाला उजेड आणि वारा मिळावा. भोवती बाग, शेती, फिरायला वाटा. त्यांच्या आराखड्याप्रमाणे पहिले रुग्णालय १८४८ मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला उघडले. एका रुग्णालयात २५० पेक्षा जास्त रुग्ण नसावेत, असा त्यांचा आग्रह होता. खिडकीतून दिसणारे झाडही उपचारच आहे, असे मानणारी ही माणसे होती, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धवट राहते. रुग्णालयांच्या अधीक्षकांच्या संघटनेने १८५१ मध्ये मान्य केलेली २५० ची मर्यादा १८६६ मध्ये ६०० वर नेली, आणि पुढे कुठलीच मर्यादा उरली नाही. पश्चिम व्हर्जिनियातल्या वेस्टनचे रुग्णालय २५० जणांसाठी बांधलेले होते. १९५० च्या दशकात तिथे सुमारे २,४०० माणसे राहत होती. एकाच्या जागेत नऊ-दहा! तीच दालने, त्याच उंच खिडक्या, तोच हाताने घडवलेला दगड. मग आपण कोणती इमारत जपतो आहोत, १८६४ ची की १९५० ची? दर्शनी भाग पूर्ववत करून, नक्षी घासूनपुसून आपण पहिली तेवढी दाखवतो. दिलेले वचन दिसते, मोडलेले दिसत नाही. आणि दोन्ही त्याच भिंतींत घडले आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मळ्यांवरच्या हवेल्यांचे असेच झाले होते. कित्येक दशके पर्यटकांना तिथले जिने, झुंबरे आणि गुलाबाच्या बागा दाखवल्या जात, आणि ज्यांच्या घामावर ते उभे राहिले त्या गुलामांचा उल्लेख ‘नोकरचाकर’ म्हणून उरकला जाई. लुइझियानातला व्हिटनी मळा २०१४ मध्ये लोकांसाठी खुला झाला तो गुलामांच्या बाजूने, त्यांची नावे भिंतीवर कोरून. हवेली तिथे आजही उभी आहे आणि तिचे सौंदर्य तसूभर कमी झालेले नाही. फक्त ती कोणाची गोष्ट सांगते, ते बदलले. मनोरुग्णालयांच्या बाबतीत हे का होऊ नये?

आता पाडा म्हणणारे. त्यांच्यातल्या एका गटापुढे माझा युक्तिवाद तोकडा पडतो, हे आधीच कबूल करतो. ज्या माणसाची तरुणपणाची वीस वर्षे त्या खिडक्यांच्या आत गेली आणि ज्याला रोज कामावर जाताना तीच इमारत दिसते, त्याला ‘वारसा’ हा शब्द ऐकवण्याचा अधिकार मला नाही. फिलाडेल्फियाच्या बायबेरी रुग्णालयात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, युद्धात लढायला नकार दिलेले तरुण परिचर म्हणून पाठवले गेले होते. त्यांनी आतून आणलेली छायाचित्रे १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात आली, तेव्हा भिंतीला टेकून बसलेली उघडी माणसे साऱ्या देशाने पाहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ च्या बक विरुद्ध बेल खटल्यात सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली आणि देशभरात ६०,००० हून अधिक लोकांवर ती लादली गेली, त्यांपैकी पुष्कळ अशाच सरकारी संस्थांमधले होते. हे भोगलेल्या कोणी ‘पाडा’ म्हटले तर त्यात गैर काय?

गैर काही नाही. पण पाडण्याचा निर्णय खरोखर हे लोक घेतात का? मॅसॅच्युसेट्समधले डॅन्व्हर्स रुग्णालय १९९२ मध्ये बंद झाले आणि २००६ पासून त्याचा बहुतेक भाग पाडून तिथे फ्लॅट उभे राहिले. मधला दर्शनी भाग तेवढा शोभेला ठेवला. तो निर्णय टेकडीवरच्या जमिनीच्या भावाने घेतला. तिथल्या जुन्या रुग्णांनी स्वतः एकत्र येऊन काय मागितले, ते पाहण्यासारखे आहे. टेकडीच्या पायथ्याशी झाडोऱ्यात बुडालेल्या दफनभूमीत शेकडो लोक पुरलेले होते आणि खुणांवर नुसते आकडे होते. या मंडळींनी झाडोरा तोडला, नोंदी धुंडाळल्या आणि नावे परत आणली. मिनेसोटामध्ये १९९४ पासून अपंग आणि माजी रुग्णांच्याच पुढाकाराने आकड्यांच्या जागी नावांच्या शिळा बसवल्या जात आहेत. जॉर्जियातल्या मिलेजव्हिलच्या विशाल रुग्णालयाच्या आवारात सुमारे २५,००० माणसे पुरलेली आहेत. तिथे तर गवत कापायला अडथळा होतो म्हणून आकड्यांचे लोखंडी खुंटही उपटून टाकले होते, आणि ते १९९७ मध्ये रुग्णांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी उजेडात आणले. तीन राज्ये, तीन वेगळे गट, आणि तिघांचीही पहिली मागणी एकच: नाव. माझा क्रम मी तिथूनच घेतला आहे.

पाडणाऱ्यांना मी आणखी एक प्रश्न विचारेन. पाडण्याआधी तुम्ही आत काय आहे ते पाहिले का? न्यूयॉर्क राज्यातले विलार्ड रुग्णालय १९९५ मध्ये बंद होत असताना एका इमारतीच्या माळ्यावर चारशेहून अधिक बॅगा आणि पेट्या सापडल्या. रुग्ण दाखल होताना सोबत आणलेले सामान होते ते. छायाचित्रे, पत्रे, कपडे, शिवणाचे साहित्य, पुस्तके. आपण परत घरी जाणार आहोत, अशा समजुतीने बांधलेले. बहुतेकजण गेलेच नाहीत. ओरेगनच्या सेलममध्ये २००४ साली तर रुग्णालयाच्या एका जुन्या खोलीत तांब्याचे सुमारे ३,५०० डबे मांडून ठेवलेले आढळले. प्रत्येकात कोणीही न नेलेल्या एका माणसाची रक्षा. विलार्डच्या पेट्या आज राज्याच्या संग्रहालयात आहेत आणि सेलमच्या डब्यांमुळे त्या राज्यात नवे रुग्णालय बांधण्याची मागणी ऐरणीवर आली. हे सारे हाती लागले, कारण माळा आणि खोली जागेवर होती. कागदी अहवालांत या पेट्यांविषयी कोणी चकार शब्द लिहिला नव्हता. अधीक्षकांचे वार्षिक अहवाल दुधाचे, बटाट्यांचे, धुलाईचे आकडे सांगतात. कोणाची बॅग वर ठेवली, ते माळाच सांगू शकतो. म्हणून इमारत हवी.

या पैशात आजच्या रुग्णांची सोय करा, दगडांवर कशाला उधळता, हा पुढचा आक्षेप. ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण अमेरिकेने हा हिशेब एकदा मांडून पाहिलेला आहे. १९५५ मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५,५९,००० लोक होते. नवी औषधे आली, १९६३ मध्ये केनेडींनी वस्तीपातळीवरच्या मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली, रुग्णालये रिकामी होत गेली. केंद्रे मात्र ठरली होती त्याच्या जेमतेम निम्मी उभी राहिली. रुग्णालये बंद करून वाचलेला पैसा रुग्णाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत गेला नाही. आज लॉस एंजेलिस, शिकागो आणि न्यूयॉर्कचे तुरुंग ही देशातली सर्वांत मोठी मनोरुग्णालये आहेत, असे तिथले अधिकारीच बोलून दाखवतात. म्हणजे डिक्सबाई १८४१ मध्ये ज्या कोठडीच्या दारात उभ्या होत्या, तिथेच देश परत आला. रिकामी इमारत पाडल्याने ती कोठडी उघडणार आहे का? उलट, ही माणसे कधीकाळी तुरुंगातून बाहेर काढली होती आणि त्यांच्यासाठी बागेतली घरे बांधली होती, याची आठवण देणारी शेवटची गोष्टही डोळ्यांसमोरून जाईल. पाडायला लागणारा पैसा तरी रुग्णांचाच असतो ना?

पुनर्वापराला माझा विरोध नाही. छप्पर गळू लागले की दहा-पंधरा वर्षांत भिंती भुसभुशीत होतात, आणि कोणतेही सरकार रिकाम्या इमारतीचे छप्पर कायम शाकारत बसणार नाही. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचे रुग्णालय १९८९ मध्ये बंद पडले. आज त्यात घरे, दुकाने, कचेऱ्या आहेत आणि इमारत शाबूत आहे. बफेलोत हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी बांधलेल्या, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या बागेतल्या रुग्णालयात २०१७ मध्ये हॉटेल सुरू झाले, त्यामुळे ते दोन प्रचंड मनोरे पडायचे वाचले. हे काम करणाऱ्यांचे श्रेय मी नाकारत नाही. पण ट्रॅव्हर्स सिटीच्या आवारातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. रुग्णालयाच्या गोठ्यात ट्रॅव्हर्स कोलान्था वॉकर नावाची गाय होती. आयुष्यभरात तिने २,००,११४ पौंड दूध दिले. १९३२ मध्ये ती गेली तेव्हा तिला सन्मानाने पुरले आणि वर दगड बसवला. त्या दगडावर तिचे नाव आहे. गाईचा मान तिला मिळाला, हे चांगलेच झाले. पण अशाच गोठ्यांत शेण काढत, दूध काढत, बटाटे खणत ज्यांची हयात गेली, त्या हजारो माणसांना राज्याराज्यांत आकडा मिळाला. एकट्या विलार्डला ५,७७६ कबरी आहेत. तिथे नाव कोरायला अडचण कसली होती?

गोपनीयतेची, असे उत्तर मिळते, आणि माझ्या भूमिकेवरचा हाच सर्वांत गंभीर आक्षेप आहे. मृत रुग्णाने कधी संमती दिली नव्हती. त्याची नातवंडे छोट्या गावात राहत असतील, आजोबा कुठे वारले हे त्यांनी शेजाऱ्यांपासून लपवले असेल. मानसिक आजाराचा कलंक अजून पुसलेला नाही. अशा वेळी नावांची यादी लावणे ही त्या घरावर जबरदस्ती ठरणार नाही का? हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. पण आकडे कोरले गेले ते कोणाच्या खाजगीपणाची कदर म्हणून? ज्या संस्थेत पन्नास माणसांना एका दालनात कपडे बदलावे लागत, तिथे मेल्यावर एकाएकी खाजगीपण आठवले? आकडा स्वस्त होता आणि चौकशीला कोणी येणार नव्हते. शिवाय कायदाही तितका आडवा येत नाही. आरोग्यविषयक गोपनीयतेच्या केंद्रीय नियमांचे संरक्षण मृत्यूनंतर ५० वर्षांनी संपते. त्याहून मोठी विसंगती जनगणनेत आहे. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी नावानिशी खुली होते. १९५० ची पाने १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. त्यांत सरकारी मनोरुग्णालयांची पानेच्या पाने आहेत, रुग्णांची नावे आणि वये लिहिलेली. एक सरकारी खाते जे नाव घरबसल्या कोणालाही दाखवते, तेच नाव दुसरे खाते कबरीवर लिहू देत नाही. विलार्डच्या पेट्यांची छायाचित्रे घेणाऱ्यालाही आडनावे झाकावी लागली. ओरेगनने मात्र कायद्यात बदल केला आणि डब्यांवरची नावे प्रसिद्ध केली. काय अनर्थ झाला? शेकडो कुटुंबे आपापल्या माणसाची रक्षा न्यायला आली. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या एका दफनभूमीत दगडांवर ‘सी’ किंवा ‘पी’, म्हणजे कॅथलिक की प्रोटेस्टंट, आणि पुढे आकडा एवढेच होते. तिथली नावे आणि चरित्रे शाळेतल्या मुलांनी सार्वजनिक कागदपत्रे चाळून शोधली. ज्या घराला नाव नको असेल त्याने तसे कळवावे, ते अवश्य वगळावे. पण नाव झाकणे हा नियम आणि सांगणे हा अपवाद, ही मांडणी कलंक जपते, माणूस जपत नाही.

भुतांविषयी थोडे लिहायलाच हवे. वेस्टनची इमारत १९९४ पासून रिकामी होती. २००७ मध्ये लिलावात ती १५ लाख डॉलरला विकली गेली. नव्या मालकाने ‘लुनॅटिक असायलम’ हे जुने नाव परत लावले आणि इतिहासाच्या सहलींबरोबर रात्रीच्या भुताटकीच्या सहलीही सुरू केल्या. पेन्सिल्वेनियातल्या पेनहर्स्टमध्ये, जिथल्या बौद्धिक अपंग रहिवाशांच्या हालांवरून १९७० च्या दशकात हक्कांचा मोठा खटला उभा राहिला, तिथे २०१० पासून भयघर चालते. त्या पैशातून छप्पर दुरुस्त होते, हे मालकांचे म्हणणे खरे आहे. सरकारने जे केले नाही ते त्यांनी केले, हेही खरे. पण तिकीट काढून आत गेलेला माणूस बाहेर काय घेऊन येतो? मनोरुग्ण म्हणजे अंधारातून अंगावर येणारे काहीतरी. ज्या भीतीने ही माणसे गावाबाहेर कोंडली गेली, तीच भीती आपण पुन्हा विकतो. एकोणिसाव्या शतकात वेस्टनमध्ये रुग्णांना दाखल करण्याच्या कारणांची यादी समाजमाध्यमांवर फिरत असते. ‘कादंबऱ्या वाचणे’ वगैरे वाचून लोक हसतात. त्या प्रत्येक ओळीमागे कोणाला तरी त्या दारातून आत नेले होते. भुताशिवाय भागत नाही, असेही नाही. फिलाडेल्फियाचा ईस्टर्न स्टेट तुरुंग १९७१ मध्ये बंद झाला आणि त्याचे भग्नावशेषच जपले गेले. तिथेही अनेक वर्षे भीतीचा खेळ चालत असे. पण त्याच आवारात २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कैद्यांची वाढती संख्या दाखवणारा पोलादी आलेख उभारला गेला आणि लोक आजच्या तुरुंगांबद्दल बोलू लागले. एखाद्या मनोरुग्णालयाच्या वॉर्डात असा आलेख का नसावा, १९५५ पासून आजपर्यंतच्या खाटांचा आणि त्याच काळातल्या तुरुंगांतल्या मनोरुग्णांचा?

शेवटी मालकीचा प्रश्न राहतो, आणि तो सातबाऱ्यावर सुटणारा नाही. मेरीलँडमधले क्राउन्सव्हिल हे कृष्णवर्णीयांसाठीचे वेगळे रुग्णालय. १९११ मध्ये बारा कृष्णवर्णीय रुग्णांना तिथल्या जंगलात आणले आणि कामाला लावले. रान तोडणे, जमीन साफ करणे, बांधकामाला हातभार लावणे, सारे रुग्णांनी केले. जगात आणखी कुठे रुग्णांनी स्वतःला कोंडण्यासाठीचे इस्पितळ असे आपल्याच हातांनी उभारले असेल? २००४ मध्ये ते बंद झाले आणि २०२२ मध्ये काउंटीने जागा ताब्यात घेतली. तिथे आता स्मारक, उद्यान आणि आरोग्यसेवा यांचा विचार चालू आहे. ती इमारत वास्तुकलेच्या दृष्टीने सामान्य ठरली, तर पाडायची? त्या भिंतींत ज्यांची मजुरी गेली आणि कधी चुकती झाली नाही, त्यांच्या वारसांना कोणी विचारणार आहे का?

इटलीतल्या ट्रिएस्टेने हे विचारले होते. मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बझालिया यांनी १९७० च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयाची दारे उघडली. १९७८ च्या कायद्याने देशभरातली अशी रुग्णालये मोडीत काढायला सुरुवात झाली. ट्रिएस्टेचे आवार पाडले गेले नाही आणि विकलेही गेले नाही. आज तिथे गुलाबांची मोठी बाग आहे, विद्यापीठाचे विभाग आहेत, मानसिक आरोग्यसेवेच्या कचेऱ्या आहेत आणि जुन्या रुग्णांनी उभ्या केलेल्या सहकारी संस्थेचे उपाहारगृह आहे. गावातली माणसे तिथे कॉफी प्यायला जातात.

विलार्डमध्ये लॉरेन्स मोका नावाचा एक रुग्ण होता. १९१८ पासून तो तिथेच. दफनभूमीच्या कडेला एका छोट्या खोपटात राहून त्याने कित्येक दशके इतर रुग्णांच्या कबरी खणल्या, सुमारे १,५००, नीट आखून, काटकोनात. १९६८ मध्ये नव्वदीत तो वारला आणि त्याच जमिनीत गेला. त्याचे नाव तिथे लावण्यासाठी स्थानिक लोकांना गोपनीयतेच्या नियमाशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. दूरचा एक नातेवाईक सापडला, त्याने संमती दिली, आणि २०१५ मध्ये, मोकाच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी, त्याच्या नावाची शिळा त्या माळावर बसली. त्याच वर्षी तिकडे ग्रेस्टोन पाडले जात होते.